रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी काही करायचंय? खान्देशात सुरुवात अशी करा

डिसेंबर लागला की जळगाव-धुळ्यात ब्लँकेट वाटपाचे फोटो फिरू लागतात. मे महिन्यात ताक आणि टोप्या. त्यात वाईट काही नाही, ब्लँकेटने ऊब मिळतेच. पण वाटणारा घरी जातो आणि घेणारा तिथेच असतो. त्याच्या पायाची जखम तशीच चिघळते, आधार कार्ड हरवलेलंच राहतं आणि त्याचं नाव कुणाला माहीत नसतं. फोटोच्या पुढे जायची ज्यांची तयारी आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. चार-पाच माणसं, दोन मोटारसायकली आणि आठवड्यातली एक ठरलेली रात्र एवढ्यावर हे काम सुरू होतं. संस्था लगेच लागत नाही. बॅनर तर कधीच लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना आश्चर्य वाटणार नाही. आपल्याकडे शहरात अन्न त्यामानाने मिळतं. गणपती, नवरात्र, सप्ताह, लग्नसराई, वाढदिवसाचा भंडारा असं काही ना काही चालूच असतं. कमी पडतं ते पुढचं सगळं: दवाखान्यात सोबत उभं राहणारं माणूस, कागद, घरचा पत्ता शोधून काढण्याची चिकाटी. म्हणून या लेखात जेवणाला जागा कमी आहे.

पहिल्या काही रात्री नुसतं फिरा

हातात काही न घेता फिरा. रात्री दहा ते बारा ही वेळ बरी. त्याआधी लोक आपापल्या जागी आलेले नसतात आणि नंतर झोपलेल्यांना उठवणं होतं. रेल्वे स्टेशनचा बाहेरचा भाग, एसटी स्टँड, सिव्हिलचे व्हरांडे, उड्डाणपुलाखाली, मार्केट यार्डाचे ओटे, देवळांच्या पायऱ्या, बंद दुकानांच्या फळ्या. जळगावात गोलाणी मार्केटच्या आसपास, धुळ्यात पाचकंदील आणि पांझरेच्या काठाने एक फेरी मारली तरी अंदाज येतो. भुसावळची गोष्ट वेगळी. तिथे उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या गाड्यांतून उतरलेली माणसं असतात. कुणी चुकलेलं, कुणी टीसीने उतरवलेलं, कुणी डोक्यात गोंधळ घेऊन आलेलं.

रस्त्यावर झोपलेला प्रत्येक जण एकाच अडचणीतला नसतो, आणि हे ओळखता येणं म्हणजे अर्धं काम. दिवाळीनंतर नंदुरबार स्टेशनवर किंवा स्टँडवर कुटुंबंच्या कुटुंबं झोपलेली दिसतील. धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडचे भिल्ल-पावरा मजूर गुजरातेत ऊसतोडीला निघालेले असतात. त्यांना घर आहे, गाव आहे, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरीही अंगावर आहे. त्यांना तुमचं ब्लँकेट नको असतं. पाण्याची सोय, बायांना रात्रीचं संडास आणि लेकराला ताप असला तर डॉक्टर, एवढं हवं असतं. पालं टाकून राहणारी भटकी कुटुंबं आणखी वेगळी. त्यांची स्वतःची जात-पंचायत असते, म्होरक्या असतो, त्याच्याशी आधी बोलायचं. मग घरच्यांनी काढून दिलेले किंवा रुसून निघालेले म्हातारे, हॉटेलात भांडी घासून रात्री फळीवर झोपणारे, दारूत गेलेले, मनोरुग्ण, एकट्या बाया, पळून आलेली मुलं. प्रत्येकाचं दार वेगळं आहे.

जनगणनेतही बेघरांची मोजणी वेगळी होते. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली आणि देशात १७.७ लाख बेघर नोंदले गेले. एका रात्रीत मोजलेला आकडा किती धरायचा ते तुम्हीच ठरवा. तुमच्या शहरापुरता तुमचा स्वतःचा अंदाज दोन-तीन महिन्यांत त्याहून पक्का होईल.

यासाठी एक वही ठेवा. मोबाईलवरची यादी नको, ती कुठेही जाते. वहीत एवढंच: लोक त्याला काय म्हणतात, कुठे झोपतो, ओळखीची खूण, मागच्या वेळी काय बोलणं झालं, काय करायचं कबूल केलं. जात, धर्म यांचा रकाना पाडू नका. वही एकाच माणसाकडे असू द्या.

पोलीस, स्टेशन, महापालिका यांना आधी भेटा

नवीन मंडळी हे टाळतात आणि नंतर अडकतात. काम सुरू करण्याआधी हद्दीतल्या पोलीस ठाण्यात एक साधं पत्र द्या: आम्ही अमुक-तमुक, दर शनिवारी रात्री या भागात फिरणार, हे आमचे नंबर. पोचपावती घ्या. रेल्वे हद्दीत आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) आणि लोहमार्ग पोलीस ही दोन वेगळी खाती आहेत, दोघांना सांगा. फलाटावर वाटप करायचं नसतं. स्टेशन प्रबंधकांची परवानगी नसेल तर बाहेर रिक्षा थांब्याच्या बाजूला थांबा.

पत्र द्यायचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, भिक्षा मागत फिरणारे. मोबाईलवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती, तेवढं पुरलं. खान्देशात हे काम करणाऱ्याने ही तारीख विसरू नये. म्हणून आमचा पहिला नियम: कुठल्याही अनोळखी माणसाचा फोटो सार्वजनिक ग्रुपवर टाकायचा नाही. ‘यांना कोणी ओळखतं का’ असा चांगल्या मनाने टाकलेला फोटो तिसऱ्या ग्रुपवर जाईपर्यंत ‘सावध राहा’ झालेला असतो. तुमच्या भागात अशी अफवा फिरायला लागली तर लगेच ११२ वर कळवा आणि पालावरच्या लोकांनाही सांगा.

महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून चालू आहे, हेही माहीत असू द्या. त्यात भिकाऱ्याची व्याख्या इतकी ढिली आहे की उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि हा सार्वजनिक जागी भटकतोय, एवढ्यावरही माणूस पकडला जाऊ शकतो आणि न्यायालयामार्फत भिक्षेकरी गृहात जाऊ शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली मुख्य कलमं दिल्लीपुरती रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. मोठा मंत्री येणार असला की शहर ‘स्वच्छ’ करण्याची घाई होते, तेव्हा ठाण्यातली ओळख उपयोगाला येते.

बोलायला कसं लागायचं

उभं राहून बोलू नका, शेजारी टेका. झोपलेल्याला हात लावून उठवू नका. रात्री अंगावर हात पडला की तो मार समजून उठतो. त्याची पिशवी, बोचकं, काठी यांना हात लावायचा नाही, अगदी बाजूला सरकवायलाही नाही. त्याचा सगळा संसार तो असतो.

पहिल्या भेटीत चौकशी नको. नाव-गाव-जात विचारायला लागलात की तो तुम्हाला सरकारी माणूस समजतो. ‘बाबा, जेवन व्हयनं का?’ एवढं पुरे. अहिराणी येत असेल तर अहिराणीतच बोला. प्रमाण मराठी ऐकली की काही म्हातारे आक्रसतात आणि अहिराणी ऐकली की ‘कोनता गावना शेतस?’ (कोणत्या गावचे आहात?) असं उलट तेच तुम्हाला विचारतात. बाबा, आबा, माय, मावशी, दादा, जे वयाला शोभेल ते म्हणा. अरे-तुरे नाही, समोरचा नशेत असला तरी नाही.

कबूल कराल ते करा, नाहीतर करू नका. ‘बघतो’ म्हणून गेलेली माणसं त्यांनी खूप पाहिलेली असतात. शनिवारी साडेदहाला येतो म्हणालात तर पाऊस असला तरी जा. चौथ्या-पाचव्या वेळेला एखादा आपणहून पायावरचं फडकं सोडून जखम दाखवतो. त्याआधी कितीही विचारलं तरी ‘काही नाही’ असंच उत्तर मिळतं.

बाईशी बोलायला बाईच जावी. गटात एकही बाई नसेल तर आधी ती मिळवा, मग काम सुरू करा.

सोबत काय न्यायचं

जेवण द्यायचंच असेल तर मऊ द्या. आपल्या भंडाऱ्यात वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी असते. बट्टी दात नसलेल्या म्हाताऱ्याला चावत नाही, तो ती पिशवीत ठेवतो आणि दोन दिवसांनी पाण्यात भिजवून खातो. खिचडी बरी, आणि रावेर-यावलच्या कृपेने आपल्याकडे केळी स्वस्त. लग्नातलं उरलेलं अन्न सकाळचं असेल तर रात्री वाटू नका. मे महिन्यात तर दुपारचं वरण संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, आणि संडासची सोय नसलेल्या माणसाला जुलाब लागणं म्हणजे काय ते समजून घ्या. जवळ शिवभोजन केंद्र चालू असेल तर तिथे १० रुपयांत ताट मिळतं. केंद्र कुठे आणि किती वाजता उघडतं ते वहीत असू द्या.

कपड्यांचं गाठोडं नेऊन रस्त्यावर उघडू नका, झुंबड उडते आणि धडधाकट माणसं चांगलं घेऊन जातात. आधी विचारा, पुढच्या फेरीत त्याच मापाचं आणून द्या. अर्धांगवायू झालेल्याला बटणाचा शर्ट घालता येत नाही, त्याला सदरा. नाडीपेक्षा इलॅस्टिकची पँट. आतले कपडे नवीनच, कुणाचे वापरलेले नकोत. बायांसाठी सॅनिटरी पॅड आणि गडद रंगाची साडी किंवा गाऊन. मागणी सगळ्यात जास्त असते ती चपलेला. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा डांबरावर अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्याला फोड येतात. थंडीत ब्लँकेट द्याल तेव्हा खाली अंथरायलाही काही द्या, निदान जाड पुठ्ठा किंवा पोतं. थंडी फरशीतून जास्त लागते.

नखं कापायचं यंत्र, कंगवा, साबणाची छोटी वडी. ओळखीचा एखादा न्हावी महिन्यातून एका सकाळी यायला तयार झाला तर सोन्याहून पिवळं. दाढी-कटिंग आणि स्टँडवरच्या सुलभमध्ये आंघोळ झाली की चहावाला त्याच माणसाला बाकावर बसू देतो.

रोख पैसे देऊ नका असं मी म्हणणार नाही. औषधाला, तिकिटाला लागले तर द्या. पण ते गटाच्या वतीने द्या, एकट्याने नाही. नाहीतर तुमच्या गटात ‘देणारा’ आणि ‘न देणारा’ असे दोन पक्ष पडतात.

दवाखाना

बहुतेक गट इथेच कच खातात, म्हणून नीट सांगतो. १०८ ला फोन केला की गाडी येते, पण गाडीत सोबत कुणी नसेल तर केस पेपरवर ‘बेवारस’ लागतं आणि तो वॉर्डच्या कोपऱ्यात जातो. तुमच्यातल्या एकाने सोबत जायचं. केस पेपरच्या खिडकीवर नाव, वय, पत्ता विचारतील. नाव तो सांगेल ते. पत्ता माहीत नसेल तर ‘बेघर, अमुक ठिकाणी वास्तव्य’ असं लिहायला सांगा. ‘नातेवाईक कोण?’ या प्रश्नाला स्वतःचं नाव ‘सोबत आणणारा’ म्हणून द्या, नातेवाईक म्हणून नाही. ऑपरेशनच्या संमतीवर नातेवाईक बनून सही करू नका. नातेवाईक नसल्याची नोंद डॉक्टरांना करायला लावा आणि दवाखान्याच्या समाजसेवा अधीक्षकांना गाठा. बहुतेकांना हे पदच माहीत नसतं. औषध, तपासणी, भरती, पुढची सोय, सगळ्यात हा माणूस किंवा बाई मदत करू शकते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यामुळे मुंबई-नाशिकला पळायची वेळ पूर्वीइतकी येत नाही.

रस्त्यावर झोपणाऱ्यांना कुत्रा चावतो, हे लोकांच्या डोक्यातच येत नाही. चावल्यावर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत आहे, पण एका डोसने भागत नाही. पुढच्या तारखा वहीत लिहा आणि त्या दिवशी त्याला शोधून घेऊन जा. टीबीचंही तसंच. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर थुंकी तपासा. औषध मोफत आहे आणि उपचार चालू असताना पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. अडचण एवढीच की खातं हवं. ते पुढे येईल.

उन्हाळ्यात कुणी बडबडतोय, अंग तव्यासारखं तापलंय, घाम नाही, तर ती दारू समजू नका. उष्माघात असू शकतो. सावलीत घ्या, मान, काख, जांघ यांवर पाणी मारा, वारा घाला, १०८ लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. महामार्गाकडेला झोपलेल्याला वाहनाने उडवलं तर बिनधास्त मदत करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानेच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. तुम्हाला जबरदस्तीने साक्षीदार करता येत नाही.

डोक्यावर परिणाम झालेला माणूस

केसांच्या जटा, अंगावर तीन-चार शर्ट, कचऱ्यातलं खाणं. गावात याला ‘येडा’ म्हणून सोडून देतात, लहान मुलं दगड मारतात. तुम्हाला कायदा माहीत हवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १००. हद्दीत असा माणूस भटकताना आढळला आणि तो स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल तर त्याला संरक्षणात घेणं हे ठाणे अंमलदारांचं कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यावं लागतं. कोठडीत ठेवता येत नाही. बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून घरचे शोधणंही पोलिसांवरच आहे. बऱ्याच ठाण्यांत हे कलम कुणी काढलेलं नसतं. तुम्ही छापील पान सोबत ठेवा आणि शांतपणे पुढे करा. भांडू नका, त्याच ठाण्यात पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंय.

राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. खान्देशाला चारही लांब. म्हणून आधी जिल्हा रुग्णालयातल्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या मानसोपचार विभागाला गाठा. सल्ला हवा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. कर्जतची श्रद्धा ही संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते, तिचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे काम होतं, उपचाराने माणूस स्वतःचं नाव-गाव सांगू लागतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलंय.

स्वतः काय करायचं नाही, तेही सांगतो. बांधायचं नाही. जेवणात गुपचूप गोळी मिसळायची नाही. बाबा-भगताकडे न्यायचं नाही. जटा जबरदस्तीने कापून ‘आधी-नंतर’चे फोटो काढायचे तर मुळीच नाही.

मुलं, एकटी बाई, म्हातारे

अठरा वर्षांखालचं मूल एकटं दिसलं तर घरी आणू नका, कितीही दया आली तरी. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन लावा, स्टेशनवर असेल तर आरपीएफकडे न्या. चोवीस तासांत मूल बाल कल्याण समितीपुढे जायला हवं, पुढचं समिती ठरवते. बाईसाठी १८१ आणि जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर. ती घरातून मार खाऊन निघाली असेल तर तिच्या घरी ‘सापडली’ म्हणून कळवायचं नाही, तिच्या शब्दाशिवाय तर नाहीच. वृद्धांसाठी १४५६७.

निवारा

दीनदयाळ अंत्योदय योजनेच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवारा ठरवलेला होता आणि मापही सांगितलेलं: एक लाख वस्तीमागे एक निवारा, वर्षभर, चोवीस तास चालणारा. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहर ४ लाख ६० हजार, धुळे पावणेचार लाख, भुसावळ १ लाख ८७ हजार आणि नंदुरबार १ लाख ११ हजार. या हिशोबाने नंदुरबारच्याही वाट्याला एक येतो आणि जळगावच्या वाट्याला चार. आपल्या शहरात किती आहेत, कुठे आहेत, खाटा किती, ते महापालिका किंवा नगरपरिषदेच्या या अभियानाच्या कक्षात जाऊन विचारा. तोंडी उत्तर नाही मिळालं तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज.

आणि निवारा असूनही माणूस जात नसेल तर त्याला आळशी म्हणू नका. दारात दारू सोडायला सांगतात, नवरा-बायकोला वेगळं करतात, बोचकं ठेवायला जागा नसते, हातगाडी बाहेर ठेवली तर चोरीला जाते, कामाच्या जागेपासून लांब पडतं. कारण विचारा. कधीकधी कुलूप लावायची एक पेटी मिळाली तर तो जातो.

कागद

सुरुवात आधारपासून करा, कारण बाकी सगळं त्याला टांगलेलं आहे. काहीच कागद नसेल तर परिचयकर्त्यामार्फत, म्हणजे ओळखीची खात्री देणाऱ्या मान्यताप्राप्त माणसामार्फत नोंदणीची सोय नियमात आहे. निवाऱ्याच्या किंवा महापालिकेच्या मदतीने ती मार्गी लावा. कधीकधी नवी नोंदणी नाकारली जाते, कारण बोटांचे ठसे जुन्या आधारशी जुळतात. हा नकार फेकू नका. याचा अर्थ या माणसाचं आधार आधीच आहे आणि त्यावर गावाचा पत्ता आहे. नाव-गाव न सांगू शकणाऱ्या कित्येक हरवलेल्यांची घरं देशात याच वाटेने सापडली आहेत. आधार केंद्रातून मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयाकडे पोलिसांच्या पत्रासह विचारणा करा.

मतदार यादीत नाव लावायला घर लागत नाही, हे ऐकून बरेच जण चकित होतात. नमुना ६ मध्ये जिथे झोपतो ती जागा लिहायची. बीएलओने, म्हणजे त्या भागाच्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याने, एकापेक्षा जास्त रात्री तिथे येऊन हा माणूस खरंच इथे झोपतो का ते बघायचं. पत्त्याचा कागद लागत नाही. बीएलओला रात्री आणणं हे तुमचं कौशल्य. चहा पाजा.

रेशन कार्ड गावाकडे असेल तर ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे त्याच्या वाट्याचं धान्य इथल्या दुकानातही घेता येतं, आधार जोडलेलं असेल तर. पण रस्त्यावरचा माणूस तांदूळ शिजवणार कुठे? म्हणून रेशनच्या मागे सगळ्यांसाठी लागू नका, चूल असलेल्यांसाठी लागा. त्यापेक्षा संजय गांधी निराधार योजना, आणि पासष्टीच्या पुढे श्रावणबाळ. महिना १५०० रुपये. अर्ज तहसील कार्यालयात. महाराष्ट्रातलं पंधरा वर्षांचं वास्तव्य, उत्पन्नाचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं लागतं. वेळ लागेल, फेऱ्या होतील. गटातला जो शांत डोक्याचा आणि तहसीलची पायरी चढायला न कंटाळणारा आहे, त्याला हे काम द्या आणि रात्रीच्या फेरीतून मोकळा करा. सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्याकडे द्या, झेरॉक्स तुमच्याकडे ठेवा. पावसाळ्यात मूळ कागदांचा लगदा होतो.

घर शोधणं

आधी विचारा, घरी जायचंय का. नाही म्हणाला तर विषय संपला. शेताच्या वाटणीत मार खाऊन निघालेल्याला पुन्हा तिथेच नेऊन सोडण्यात पुण्य नाही.

जायचं असेल आणि गाव नीट सांगता येत नसेल तर ‘तुझं गाव कोणतं’ हा प्रश्न सोडा. गावाचा बाजार कोणत्या वारी भरतो? एसटी कोणत्या डेपोची येते? नदी कोणती? जत्रा कोणाची, शेतात काय पिकतं? डोक्यातून पत्ता जातो, बाजाराचा वार राहतो. ‘मंगयवारना बजार’ एवढं मिळालं तरी तालुक्याच्या नकाशावर बोट फिरवायला जागा मिळते. आम्हाला चोपड्याच्या स्टँडबाहेर एक जण भेटायचा, मराठी नाही, हिंदी नाही, मानच हलवायचा. आमच्यातल्या आश्रमशाळेत शिकवलेल्या एका सरांनी सहज ‘भोंगऱ्या’ म्हटलं. होळीआधी सातपुड्यात भरणारा बाजार तो. हा गडी हसला आणि दोन्ही हातांनी हवेत ढोल बडवायला लागला. मग पावरी बोलणारा माणूस आणला, तेव्हा गावाचं अर्धं नाव मिळालं. त्या नावाची गावं दोन निघाली, एक आपल्याकडे, एक मध्य प्रदेशात. आपल्या गावच्या पोलीस पाटलांना फोटो पाठवला, फक्त त्यांनाच. तिसऱ्या दिवशी पुतण्या आला.

गाव कळलं की क्रम असा: तिथलं पोलीस ठाणं, पोलीस पाटील, सरपंच. फोनवर ‘आमचाच आहे’ म्हणणाऱ्याला एक-दोन खुणा विचारा, त्याच्याकडून जुना फोटो मागवा. सोपवताना ठाण्यात नोंद करा. माणसाला एकट्याला गाडीत बसवून देऊ नका, तो पुढच्या स्टेशनवर उतरतो. उपचार चालू असतील तर किमान महिन्याच्या गोळ्या आणि तिथल्या जवळच्या सरकारी दवाखान्याचं नाव घरच्यांना लिहून द्या. गोळ्या बंद झाल्या की तो परत निघतो. महिन्याने एक फोन करा.

वहीतला माणूस जागेवर दिसेनासा झाला तर आधी चहावाल्याला विचारा, मग निवारा, मग सिव्हिलचा वॉर्ड, मग ठाण्यातली अनोळखी मृतांची नोंद. मृत्यू झाला असेल तर तुमच्या वहीतली माहिती पोलिसांना द्या, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या कागदावर ‘अनोळखी इसम’ऐवजी नाव तरी लागेल.

पैसे आणि गट

पहिले सहा महिने आपापल्या खिशातून. किराणा दुकानदार, मेडिकलवाला, न्हावी यांच्याकडून पैसे न घेता वस्तू किंवा काम घ्या. नोंदणी नसताना जाहीर वर्गणी काढू नका, क्यूआर कोड फिरवू नका. तसं करायचं असेल तर आधी धर्मादाय आयुक्त कार्यालयात जाऊन काय लागतं ते विचारा. हिशोब महिन्याच्या महिन्याला गटात वाचून दाखवा, दोनशे रुपयांचा असला तरी.

रात्रीच्या फेरीला किमान दोघं, एकटं कुणी नाही. कुणी शिवी दिली, दारूत अंगावर आलं, तर निघून यायचं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं. आपल्या घरी कुणाला झोपायला आणायचं नाही आणि वैयक्तिक नंबर सगळ्यांना द्यायचा नाही. गटासाठी एक वेगळं सिम घ्या, तो फोन पाळीने एकेकाकडे ठेवा. निवडणुकीच्या आधी एखादा भावी नगरसेवक येईल, शंभर ब्लँकेटं देतो म्हणेल, फक्त पिशवीवर नाव हवं. ब्लँकेटं घ्या, पिशव्या त्याला परत द्या.